दुसरं गेट

मंगळवार, रात्री अकरा वाजायला आलेत

आजही इंग्रजीच्या क्लासला उशीर. मी बेळगावातल्या दुसऱ्या रेल्वे गेटला पोचायला आणि गेट पडायला एकच गाठ. रेनकोटाच्या बाहीतून पाणी कोपरापर्यंत आलेलं, शेजारच्या रिक्षावाल्याने इंजिन बंद करून तंबाखू काढलेली, आणि मी मनात चरफडतोय की आत्ता गेट उघडं असतं तर मी क्लासात बसलेलो असतो. चरफडता चरफडता लक्षात आलं, अरे, शुक्रवारी सरांनी फळ्यावर मांडलं ते हेच. 'इफ द गेट वेअर ओपन, आय वुड बी इन द क्लास.' गाडी जाईपर्यंत चार वेळा म्हणून घेतलं. तिसऱ्या वेळी बहुतेक मोठ्याने म्हटलं, कारण रिक्षावाल्याने वळून बघितलं.

सेकंड कंडिशनल म्हणतात याला, नसलेल्या गोष्टीचं 'असतं तर'. चव्वेचाळिसाव्या वर्षी हे शिकायला लागावं असं काही ठरवलं नव्हतं. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत एकोणीस वर्षं झाली, त्यातली सोळा इंग्रजीवाचून निभावली. मग क्वालिटीकडे आलो आणि गिऱ्हाइकांचे ई-मेल माझ्याकडे यायला लागले. मार्चमध्ये पुण्याच्या एका कंपनीला मी लिहिलं, 'इफ यू गेव्ह द ड्रॉइंग बाय मंडे, वुई वुड सप्लाय इन थ्री वीक्स.' माझ्या मनात सरळ होतं, सोमवारपर्यंत ड्रॉइंग दिलंत तर तीन आठवड्यांत माल देऊ. तिकडून साहेबांना फोन, तुम्हाला हे काम नको आहे का? साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. दोन्ही वेळा मला ते बरोबरच वाटलं.

चूक कुठे झाली ते आता कळतंय. 'दिलंत तर' मधलं 'दिलंत' मी जसंच्या तसं उचलून 'गेव्ह' करून टाकलं. आपल्याकडे उद्याच्या गोष्टीलाही भूतकाळच लावतात. पाऊस पडला तर येणार नाही, पगार झाला तर देतो. त्यात शंका नाही, नुसती अट आहे. इंग्रजीत मात्र होण्यासारख्या गोष्टीला इफपुढे साधा वर्तमानकाळ आणि पलीकडे विल, 'इफ यू गिव्ह, वुई विल सप्लाय.' क्रियापद एक पाऊल मागे सरकवून भूतकाळात नेलं आणि विलचं वुड केलं, की ऐकणारा समजतो, हा कल्पनेतलं बोलतोय, तसं काही व्हायचं नाही. मी त्या पुण्याच्या माणसाला नकळत सांगून बसलो होतो की तुम्ही काही सोमवारपर्यंत ड्रॉइंग देत नाही, आणि दिलंच समजा, तर बघू.

क्लासात हे बोललो तर मागच्या बाकावरचा बैलहोंगलचा पोरगा म्हणाला, आमच्या कन्नडातपण असंच आहे की. मळे बंदरे, म्हणजे पाऊस आला तर. 'बंद' म्हणजे आलेला, त्याला 'रे' जोडलेलं. इतकी वर्षं मशीनशॉपमध्ये 'बंदरे, बंदरे' ऐकतोय, पण त्यात भूतकाळ आहे हे कधी डोक्यात आलं नव्हतं. सुरुवातीला तर मला वाटायचं ही माणसं समुद्राबद्दल बोलतात. म्हणजे या भागातला माणूस घरात मराठी बोलो नाहीतर कन्नड, इंग्रजीच्या या खड्ड्यात तो पडणारच. सरांना हे नवीन होतं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, आणि मला फार बरं वाटलं.

बाकी नियम थोडेच आहेत. इफच्या बाजूला वुड घालायचं नाही. आम्ही निम्मे लोक 'इफ आय वुड हॅव मनी' म्हणतो आणि सर दर वेळी डस्टर आपटतात. आय, ही, शी, इट सगळ्यांना वेअर चालतं. 'इफ आय वेअर' ऐकून नववीतली लेक हसली, "पप्पा, आय वॉज असतंय की!" सरांच्या मते बोलताना वॉजही चालतं, लिहिताना वेअर ठेवावं, तो जुन्या इंग्रजीतला उरलेला अवशेष आहे. आणि सल्ला द्यायचा तर 'इफ आय वेअर यू', तुमच्या जागी मी असतो तर. हे मला आवडलं. साहेबांना कधीतरी ऐकवायचंय, धीर झाला तर.

(शाळेत 'मी पंतप्रधान झालो तर' निबंध दर वर्षी लिहिला. मराठीने 'झालो' म्हणून दार उघडं ठेवलं होतं. इंग्रजीने 'वेअर' म्हणून तिथेच बसवलं असतं.)

पहिलं, दुसरं, तिसरं कंडिशनल यांचा गोंधळ मी रेल्वे गेटांवर सोडवलाय. पहिलं गेट: उघडं मिळालं तर वेळेत पोचेन. मिळूही शकतं, म्हणून विल. दुसरं गेट: पडलेलं आहे, मी अलीकडे भिजतोय, 'उघडं असतं तर' फक्त डोक्यात, म्हणून वुड. तिसऱ्या गेटवर आता उड्डाणपूल आहे. तो आधी झाला असता तर माझ्या आयुष्यातले किती तास वाचले असते. पण ते गेले, म्हणून वुड हॅव. आमच्याकडची थोरली माणसं बहुतेक तिसऱ्या गेटवरच भेटतात. 1956 साली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा, असं झालं असतं तर, तसं केलं असतं तर. बाबांचं तर रोज एकदा होतं, चहाबरोबर.

कारखान्यातही हेच. मोल्डिंगच्या वाळूत ओल साधारण 3 ते 4 टक्के हवी. वाढली की धातू ओतल्यावर वाफ अडकते आणि कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या नगाला, ब्लो होल पडतात, आत पोकळ्या राहतात. 'ओल कमी असती तर होल पडले नसते' हे मी मराठीत डोळे झाकून म्हणतो. इंग्रजीत आधी बघायला लागतं, माल अजून साच्यात आहे की रिजेक्टच्या ढिगात. आज ढिगात होता. अकरा नग.

गृहपाठाची दहा वाक्यं होती, सहा जेवणाआधी झाली. सातव्याला अडकलो. ही गेली कित्येक वर्षं म्हणते, घर जरा मोठं असतं तर आईला आणलं असतं. सासूबाई चंदगडकडच्या गावात एकट्या असतात. तेच वाक्य लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. 'आय वुड ब्रिंग' की 'आय वुड हॅव ब्रॉट'? मराठीत दोन्हीला 'आणलं असतं'. अण्णांबद्दलही, म्हणजे सासऱ्यांबद्दल, ही हेच शब्द म्हणायची, अजून म्हणते. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. अण्णांचं वाक्य तिसरं, आईचं दुसरं, आणि इतकी वर्षं मी दोन्ही एकाच सुरात ऐकत आलो आणि एकाच सुरात 'हूं' म्हणत आलो.

'इफ द हाऊस वेअर बिगर, वुई वुड ब्रिंग मदर हिअर.' लिहिलं. अण्णांचं लिहिलं नाही.

ही भांडी आवरून आली. "काय लिवायलाय एवढं?" वाचून दाखवलं, मग मराठीत सांगितलं. दोन्ही वाक्यांतला फरकही सांगितला, जरा चाचरतच. ही बाहेरच्या खोलीतल्या अंधारात थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "माळ्यावरचं तुमचं भंगार काढलं, तर शिलाई मशीन वर जातंय. मधली खोली मोकळी होते."

काढलं तर. असतं नाही.

भंगार म्हणजे माझ्या आयटीआयच्या वह्या आणि बाबांच्या मागाचे धोटे. त्यातले दोन धोटे ठेवीन, वह्या जाऊ देत. आठवं, नववं, दहावं वाक्य राहिलंय, ते उद्या डब्याच्या सुट्टीत. पाऊस उघडला तर रविवारी गाडी काढून चंदगड. नाही उघडला तर एसटीने.