आमची वाटचाल : एक गाळा, पाच लेन्स

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात शिरलं की डाव्या हाताला एक काळी पेटी दिसते. तिच्यात झाइसच्या सुपर स्पीड लेन्स आहेत. १८, २५, ३५, ५० आणि ८५ मिलिमीटर, पाचही टी १.३ च्या, म्हणजे कमी उजेडातही चालणाऱ्या. सिनेमाचं शूटिंग करणारी आमची फर्म आज उभी आहे ती या पेटीमुळे.

सुरुवात १९९६ ची. दादरला कॅमेरे भाड्याने देणाऱ्या एका ठिकाणी मी अटेंडंट म्हणून लागलो. उजेड न शिरणाऱ्या चेंजिंग बॅगेत हात घालून फिल्मची मॅगझिन भरायची, टेक ओके झाला की गेट, म्हणजे फिल्मवर उजेड पडतो ती चौकट, तपासायचं. गेटमध्ये केस अडकलेला दिसला की अख्खं युनिट आपल्याकडे बघतं, ती भीती अजून हातात आहे. अटेंडंटचा असिस्टंट झालो, मग फोकसवर आलो, मग ऑपरेट करायला लागलो. २००१ मध्ये ॲरी टू-सी हा एक जुना फिल्म कॅमेरा घेऊन स्वतःची फर्म काढली तेव्हा सोबत होते फक्त मामा.

मामा म्हणजे कळव्याचे लाइटवाले. सगळ्या लाइनीत त्यांना मामाच म्हणायचे. दोन बेबी, चार मल्टी असे लाइट आणि एक खडखडणारा टेम्पो एवढंच भांडवल, पण उन्हाकडे नुसतं बघून स्टॉप, म्हणजे लेन्स किती उघडायची ते, सांगायचे. मी मीटर लावायचो आणि पाव स्टॉपचाही फरक निघायचा नाही.

आम्ही पहिल्यापासून सेकंड युनिटच धरलं, म्हणजे मुख्य कलाकारांशिवायचे शॉट घेणारी दुसरी टीम. गाडीचं वळण, हातातली चावी, डुप्लिकेटची उडी, येऊरचा पाऊस. मेन युनिट आर्टिस्टवर अडकलेलं असतं तेव्हा हे कुणीतरी घ्यायलाच हवं, आणि ते मेन युनिटच्या शॉटला असं चिकटायला हवं की सांधा दिसता कामा नये. एकदा फेब्रुवारीत घोडबंदर रोडला एका गाडीचे वाइड घ्यायचे होते. मेन युनिटने क्लोजअप दुपारी साडेचारला काढले होते, गाडी उत्तरेकडे जाणारी, ऊन हिरोच्या डाव्या गालावर. आम्हाला रस्ता मिळाला फक्त सकाळचा. सगळे म्हणाले, जमणार नाही. मामांनी त्यांच्या सावल्यांच्या वहीत बघितलं आणि म्हणाले, "गाडी उलटी पळव की रे. दक्षिणेला." फेब्रुवारीत ठाण्यात सूर्य डोक्यावर येतो बारा पन्नासच्या सुमाराला. त्यामुळे साडेचारची सावली सव्वानऊला तेवढ्याच लांबीची मिळते, आणि दक्षिणेला निघालेल्या गाडीत सकाळचं ऊन डावीकडूनच येतं. मागे खाडी दिसू नये म्हणून ८५ ची लेन्स लावली. एडिटला कुणाला कळलंसुद्धा नाही. टायटलमध्ये आमचं नावही आलं नाही, ते वेगळं.

नवीन पोरांना सांगतो, लॉगशीट लिहा. लेन्स, उंची, अंतर, स्टॉप, फिल्टर, उन्हाची दिशा. मोबाइलमध्ये फोटो आहे म्हणून भागत नाही. टंगस्टन स्टॉकला, म्हणजे दिव्याच्या उजेडासाठीच्या फिल्मला, उन्हात लावायचा ८५ नंबरचा नारिंगी फिल्टर होता की नव्हता, हे फोटो सांगत नाही. तो होता तर ५०० स्पीडचा स्टॉक ३२० चा झाला. डिजिटलवरही एनडी, म्हणजे उजेड कमी करणारा फिल्टर, कितीचा होता ते फोटोत दिसत नाही.

मधली वर्षं बरी गेली. २०१० मध्ये मी पतपेढीचं कर्ज काढलं, वडिलांचं घर तारण ठेवून. वापरलेला ॲरी ४३५ फिल्म कॅमेरा घेतला आणि सोबत या पाच लेन्स. ४३५ म्हणजे सेकंड युनिटचा राजा. सेकंदाला १५० फ्रेमपर्यंत जायचा. ४०० फुटांचं मॅगझिन त्या स्पीडला बेचाळीस सेकंदांत संपायचं, आणि तो आवाज ऐकला की स्टंटवालेही हुशार होऊन उभे राहायचे.

त्याच वर्षी ॲरीचाच डिजिटल कॅमेरा ॲलेक्सा आला. २०११ मध्ये ॲरीने फिल्म कॅमेरे बनवणं थांबवलं. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला, २०१३ मध्ये फुजीने शूटिंगची फिल्म बंद केली. माझा हप्ता ६५,००० चा, आणि कॅमेरा पेटीत.

वर्ष-दीड वर्ष मी रोज गाळा उघडून बसायचो. चार महिने तर मुलाची फीसुद्धा मामांनी भरली. हे सगळं सहन झालं असतं. लागलं ते वेगळंच. माझ्याच हाताखाली आठ वर्षं फोकस शिकलेला मुलगा आमच्या पार्ट्यांचे नंबर घेऊन बाहेर पडला, डिजिटल बॉडी भाड्याने उचलून निम्म्या दरात कामं घ्यायला लागला. वर निर्मात्यांना सांगायचा की दादांकडे आता म्युझियम आहे. ज्याला मी फोकसचं अंतर मोजायची टेप धरायला शिकवली, त्याने हे म्हणावं? आजही आठवलं की पोटात ढवळतं.

लेन्स विकायला काढल्या होत्या. मोडीच्या भावाला गिऱ्हाईक आलं, सौदा ठरला. मामा त्या दिवशी टेम्पो घेऊन दारात आले. म्हणाले, "कॅमेरा मेला, काच मेली का? माउंट तोच आहे ना?" खरं होतं. पीएल माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते ती कडी, १९८२ पासूनचं, तेव्हाच्या ॲलेक्सालाही तेच. या लेन्स जशाच्या तशा बसत होत्या. मी सौदा मोडला. मामांनी त्यांच्या ओळखीच्या एका निर्मात्याकडे नेलं. येऊरच्या पावसाचं बारा दिवसांचं काम मिळालं. बॉडी भाड्याने, काच आमची. तिथून हप्ते सुरू झाले ते २०१७ ला संपले.

म्हणून विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो: बॉडी भाड्याने घ्या, लेन्स आणि ट्रायपॉडचं हेड विकत घ्या. हेडवर कंजूषी केली की पॅनमध्ये दिसते.

मामा आता नाहीत. त्यांची सावल्यांची वही गाळ्यात आहे, महिन्यागणिक लिहिलेली, आणि आमची पोरं ती अजून बघतात. ४३५ सुद्धा आहे. महिन्यातून एकदा जुन्या फिल्मचा तुकडा घालून चालवतो, मोटर बसू नये म्हणून.

गेल्या पावसाळ्यात, माझ्याकडे फोकस शिकून बाहेर पडलेल्या त्या मुलाच्या ऑफिसातून माणूस आला. त्यांना ८५ हवी होती, तीच. दिली. पूर्ण भाडं घेतलं, डिपॉझिट घेतलं आणि चलनावर त्याचीच सही मागवली. संध्याकाळी सही आली. अक्षर अजून तेच आहे, माझ्या लॉगशीटवर आठ वर्षं होतं ते.