सायकलीवरचं पावडर कोटिंग काढण्यासाठी मी स्ट्रिपर कसा निवडला

जुन्या सायकलीची फ्रेम नव्याने कोट करायची तर आधीचा थर धातूपर्यंत उतरवावा लागतो. माझ्या फ्रेमवर मुळात कारखान्यातलं पावडर कोटिंग (कोरडी पूड फवारून भट्टीत पिकवलेला थर) होतं आणि त्यावर आधीच्या मालकाने ब्रशने ऑइलपेंट मारलेला होता. वरचा रंग पोपडे धरून सुटत होता, खालचं कोटिंग मात्र काही केल्या दाद देत नव्हतं. घासून काढायचा विचार मी लगेच सोडला. वेल्डच्या सांध्यांत आणि केबल अडकवायच्या कड्यांमागे पॉलिश पेपर पोचत नाही, पातळ नळीवर ग्राइंडर फिरवायला मन धजत नव्हतं, आणि जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. त्याची कोरडी धूळ उडवायची म्हणजे ती नाकातोंडात घ्यायची. म्हणून केमिकल स्ट्रिपर, म्हणजे रंग सोडवणारं रसायन. पण कुठला?

सगळे आधी विचारतात की सर्वात जोरदार कुठला. माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी यावा. आधी खाली धातू कोणता आहे ते बघायचं, मग वर थर कसला आहे ते.

धातूसाठी लोहचुंबक पुरला. फ्रेमला तो चिकटला नाही, पुढच्या फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याला) चिकटला. म्हणजे एकाच रंगाखाली फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची आणि फोर्क स्टीलचा. सांध्यांवर वेल्डचे ठसठशीत वळ दिसत होते, त्यामुळे नळ्या गोंदाने जोडलेल्या नाहीत याचीही खात्री झाली. हे बघणं गरजेचं आहे, कारण काही जुन्या अ‍ॅल्युमिनियम फ्रेम इपॉक्सीने चिकटवलेल्या असतात आणि स्ट्रिपर त्या सांध्यावरही काम करतो. कार्बन फायबरच्या फ्रेमला तर केमिकल स्ट्रिपर लावूच नये. तिथे राळ हाच फ्रेमचा अर्धा जीव असतो.

थर ओळखायला कापसावर अ‍ॅसिटोन घेऊन पेडलच्या नळीखाली, सहज दिसणार नाही अशा जागी, दाबून धरलं. ऑइलपेंट सुरकुतला आणि कापसाला लागून आला. खालच्या पावडरची चमक थोडी उतरली, बाकी काही नाही. हाच तिचा स्वभाव आहे. पावडर कोटिंग साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भट्टीत पिकतं, तेव्हा त्यातले रेणू एकमेकांना आडवे-उभे बांधले जातात आणि सगळा थर एक अखंड जाळं होतो. असं जाळं कशातही विरघळत नाही. म्हणून पावडरवर चालणारा स्ट्रिपर ती विरघळवत नाही. तो आत झिरपतो, थर फुगवतो, आणि फुगलेला थर धातूवरची पकड सोडतो. त्यामुळे स्ट्रिपरमध्ये दोन गुण हवेत: आत शिरण्याची ताकद आणि शिरेपर्यंत ओला राहण्याची चिकाटी. ऑइलपेंट सहज काढणारे सौम्य, एस्टरवर आधारलेले रिमूव्हर इथे हात टेकतात ते याचमुळे. डब्यावर ‘सर्व प्रकारच्या रंगांसाठी’ लिहिलेलं असलं तरी पावडर कोटिंगचा वेगळा उल्लेख नसेल तर मी तो डबा बाजूला ठेवत गेले.

एक अंदाज मला फार उपयोगी पडला. इपॉक्सी पावडर उन्हात पांढरट, खडूसारखी होते, म्हणून उघड्यावर वापरायच्या वस्तूंना सहसा पॉलिएस्टर पावडर देतात. सायकल उन्हातली, म्हणजे पॉलिएस्टर असण्याची शक्यता जास्त. पॉलिएस्टरचे बंध गरम कॉस्टिक सोड्याने तुटतात, आणि स्टीलचे भाग गरम कॉस्टिकच्या टाकीत बुडवून साफ करण्याची पद्धत जुनी आहे. फोर्कपुरता तो मार्ग मोकळा होता. अ‍ॅल्युमिनियमला मात्र कॉस्टिक म्हणजे काळ. तो धातूच खाऊ लागतो आणि हायड्रोजन वायू सोडतो, तोही पेट घेणारा. फ्रेम आणि फोर्क दोन्ही एकाच ठिकाणी हाताळताना कॉस्टिकचे थेंब फ्रेमवर जाण्याचा धोका मला पत्करायचा नव्हता.

भट्टीत जाळून काढणंही बाद झालं. त्या भट्ट्या साधारण ४०० अंशांच्या आसपास चालतात. सायकलीला वापरतात तो ६०६१ टी६ प्रकारचा मिश्रधातू त्याची ताकद उष्णतेच्या ठरावीक प्रक्रियेतून मिळवतो, आणि त्यातला शेवटचा टप्पा जेमतेम १६०-१७५ अंशांचा असतो. ४०० अंशांत ती ताकद जाते. फ्रेम दिसायला तशीच राहील, पण मऊ पडलेली असेल. अशा फ्रेमवर मी कुणाला बसू देणार नाही.

उरले द्रावक. त्यातलं सगळ्यात नावाजलेलं मिथिलीन क्लोराइड. पावडरवर त्याच्याइतकं वेगाने काम करणारं मी काही पाहिलेलं नाही. एका वर्कशॉपमध्ये पाहिलं तेव्हा काही मिनिटांत थर फोड येऊन उठला होता. त्याचा रेणू लहान, म्हणून तो थरात झरझर शिरतो. पण तो जवळजवळ ४० अंशांनाच उकळतो, म्हणजे साध्या हवेतही भराभर उडतो. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली साचते. बंद खोलीत, टबात किंवा खड्ड्यात वाकून काम करणाऱ्याच्या तोंडाशी ती जमते. शिवाय शरीरात गेल्यावर त्याचं कार्बन मोनॉक्साइड तयार होतं, त्यामुळे हृदयाचा आजार असणाऱ्याला धोका आणखी जास्त. अमेरिकेत बाथटब नव्याने रंगवणारे कामगार यात दगावले आहेत. युरोपीय संघाने रंग काढण्याच्या उत्पादनांत ते घरगुती आणि बहुतेक व्यावसायिक वापरासाठी २०१० ते २०१२ दरम्यान टप्प्याटप्प्याने बंद केलं, अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांना विकायला बंदी घातली.

‘मास्क लावून करू’ असं म्हणणाऱ्यांसाठी हे थोडं सविस्तर सांगते. कोळशाचा साधा कार्ट्रिज मास्क मिथिलीन क्लोराइडला फार वेळ थोपवत नाही; त्यासाठी बाहेरून नळीने ताजी हवा पुरवणारी व्यवस्था लागते. अमेरिकेतली कामगारांसाठीची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) होती, आणि माणसाला वास जाणवायला लागतो तो त्याच्या कितीतरी वर. म्हणजे वास आला तेव्हा मर्यादा मागे पडलेली असते. नेहमीचे निळे नायट्राइल हातमोजे त्याच्यापुढे काही मिनिटं टिकतात. व्हरांड्यात एकटीने काम करणाऱ्या मला यातलं काहीच शक्य नव्हतं. वेग कितीही असो, मी ते घेतलं नाही, आणि घरी काम करणाऱ्या कुणीही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं नाव एन-मिथाइल पायरोलिडोन. उकळबिंदू २०० अंशांच्या वर, त्यामुळे वाफ कमी, काम संथ. पण ते त्वचेतून आत जातं आणि गर्भाला अपाय करतं. ते नाव दिसलं की पुढे.

शेवटी थांबले बेंझाइल अल्कोहोलवर. तेही २०५ अंशांना उकळतं, म्हणजे चटकन उडत नाही. विमानांचे रंग काढायला मिथिलीन क्लोराइडच्या जागी हेच पुढे आलं. यात जात बघावी लागते. काहींत जोडीला फॉर्मिक अ‍ॅसिड असतं. ते वेग वाढवतं, पण झिंकचा मुलामा खातं, मॅग्नेशियमला चालत नाही, आणि अ‍ॅल्युमिनियम काळवंडू शकतं. काहींत अल्कली असते. मी घेतला तो जवळपास उदासीन पीएचचा (धड आम्लही नाही, अल्कलीही नाही असा), घट्ट जेलसारखा, आणि अ‍ॅल्युमिनियमवर चालतो असं लिखित असलेला.

हे सगळं डब्याच्या दर्शनी बाजूवर कळत नाही. त्यासाठी कंपनीची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे घटक आणि धोके सांगणारं माहितीपत्रक मागायची. तिचे १६ भाग असतात. मी तिसरा आधी वाचते, कारण घटक तिथे असतात. नावं वेगवेगळी लिहितात म्हणून सीएएस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) पाहायचे: ७५-०९-२ दिसला तर मिथिलीन क्लोराइड, ८७२-५०-४ म्हणजे एन-मिथाइल पायरोलिडोन, १००-५१-६ म्हणजे बेंझाइल अल्कोहोल, ६४-१८-६ म्हणजे फॉर्मिक अ‍ॅसिड. आठव्या भागात हातमोजे, नवव्यात पीएच, दहाव्यात कशाशी जुळत नाही ते. ‘निसर्गस्नेही’ छापलेल्या एका डब्याच्या तिसऱ्या भागात मला ८७२-५०-४ सापडला. माझ्या जेलला ब्युटाइल रबरचे हातमोजे सांगितले होते, तेच आणले, वर तोंडभर झाकणारी शील्ड.

आधी पेडलच्या नळीखाली आणि फोर्कच्या टोकाला छोटे ठिपके लावून पाहिले. अ‍ॅल्युमिनियम काळं पडलं नाही, थर मऊ झाला. मग बेअरिंग, रबर, प्लास्टिकचे कान सगळं काढलं, नळ्यांची तोंडं बुचांनी बंद केली. कोटिंगवर पात्याच्या टोकाने हलक्या हाताने जाळी ओढली, धातूला न लागेल इतपत, म्हणजे जेलला आत शिरायला वाटा मिळतात. ऑइलपेंट पहिल्याच हातात गेला. पावडरसाठी जेल जाड थापला. ब्रश एकाच दिशेने ओढायचा, पुन्हा पुन्हा फिरवायचा नाही. वरून प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळला आणि सावलीत रात्रभर ठेवला. उन्हात जेल वाळतो, थंडीत त्याचं काम रेंगाळतं.

सकाळी कागद काढला तर सपाट नळ्यांवर थर दुधावरच्या सायीसारखा सुरकुतून उठला होता. प्लास्टिकची पट्टी खाली सरकवली की हातभर लांबीचा पापुद्रा एका तुकड्यात यायचा. तो उलटा करून बघितला: आतल्या बाजूला नळीवरच्या बारीक ओरखड्यांचा जसाच्या तसा ठसा. थर विरघळलेला नव्हता, अखंडच सुटला होता. वेल्डच्या खाचांत मात्र तो जाड बसलेला असतो. तिथे पुन्हा जेल, पुन्हा कागद, आणि नायलॉनचा ब्रश. अ‍ॅल्युमिनियमवर लोखंडी तारेचा ब्रश वापरू नये. स्टीलचे कण रुततात आणि पुढे तिथे गंजाचे ठिपके येतात.

निघालेला लगदा मोरीत सोडायचा नाही. झाकणाच्या डब्यात भरून घातक कचऱ्यात दिला, शिशाच्या शंकेने तर नक्कीच.

पुष्कळ जेलमध्ये बाष्पीभवन रोखायला मेण घातलेलं असतं, आणि ते राहिलं तर नवा थर धरत नाही. पाण्याने धुऊन, मग द्रावकाच्या फडक्याने पुसून मी पाण्याची चाचणी घेतली: स्वच्छ धातूवर पाणी सलग पडद्यासारखं पसरतं, मेण-तेल असेल तिथे थेंब गोळा होतात. खालच्या सांध्यापाशी थेंब झाले, तो भाग पुन्हा पुसला. फोर्क लगेच कोरडा केला, नाहीतर ओल्या उघड्या स्टीलवर बघता बघता गंजाची झाक येते.

फ्रेम कोटिंगला देताना एक गोष्ट आवर्जून सांगितली: ही केमिकलने साफ केलेली आहे, पावडर मारण्याआधी ती एकदा नुसतीच भट्टीत तापवून घ्या. बुचं लावली तरी वेल्डच्या बारीक भोकांतून थोडा जेल आत जातोच, आणि नव्या पावडरसोबत तो तापला तर वाफ होऊन थरातून बाहेर पडतो आणि बुडबुडे उठतात. तापवताना एका भोकातून खरंच ओल बाहेर आली. ती पुसून, फ्रेम परत तापवून, मगच पावडर मारली.