आमची वाटचाल : कचऱ्यातला कापूस

आमचं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना, वणीला, बाबांनी 12 डबल रोलर मशिनवर सुरू केलेलं. तेव्हा कापूस गाडीतून उतरला की गंजीत आणि गंजीतून थेट मशिनवर. बाबा म्हणायचे, वजनावर विकत घेतलेला माल आपल्याच हातानं साफ करून कमी कशाला करायचा? पण पत्ती, बोंडाची टरफलं, कधी तर चक्क खडे रोलरवर जायचे, रोलरच्या चामड्याला खाचा पडायच्या आणि सरकीला रुई तशीच राहायची, ती मग सरकीच्या भावात गेली म्हणून समजा.

मी धंद्यात आल्यावर प्री-क्लीनर बसवला, म्हणजे जिनिंगच्या आधी कापसातला कचरा काढणारं मशिन. आठवड्यातच फिटर नाचत आला, भाऊ उतारा (100 किलो कापसामागे निघणारी रुई) 34 चा 34.7 झाला! मी पेढे सांगणार तेवढ्यात बाबा म्हणाले, टक्के कशावर काढले? साफ मालावर. 100 किलोतला 2 किलो कचरा गेला, उरलेल्या 98 वर 34 किलो रुई, म्हणून 34.7. शेतकऱ्याला पैसे 100 चेच दिले ना!

खरं तर कचऱ्यात 2 किलोपेक्षा जास्तच जात होतं आणि पूर्ण 34 किलो रुई पण येत नव्हती. एका रात्री बॅटरी घेऊन क्लीनरखाली बसलो, कचऱ्यात हात घातला तर मुठीत पत्ती थोडी आणि चांगल्या कापसाचे पुंजकेच जास्त. जाळीच्या सळ्यांमधली फट मोठी होती, ती कमी केली, वरून माल सोडायचा स्पीडही कमी केला.

मग हाव सुटली, रुई अजून चकाचक दिसावी म्हणून कापूस दोनदा फिरवायला लागलो. दिसायची झकास, पण मिलच्या लॅबचा रिपोर्ट आला, कचरा कमी पण नेप्स वाढलेले, म्हणजे तंतूंच्या बारीक गाठी, सूत काढताना तिथंच बोंब होते. भाव कापला.

आता एकदाच. दिवाळीचा ओला कापूस आधी ओट्यावर वाळवतो, नाहीतर पत्ती सुटत नाही आणि माल क्लीनरच्या फिरत्या सिलिंडरला गुंडाळतो. फरदड (हंगाम संपल्यावर त्याच झाडांचा घेतलेला कापूस) आणि कवडी (किडका, नीट न उमललेला कापूस) वेगळी.

प्लास्टिकला मात्र क्लीनरचा उपयोग शून्य, उलट पन्नीचे तुकडे होऊन सगळीकडे पसरतात. म्हणून क्लीनरच्या आधी पट्ट्यावर चार बाया बसवल्यात, सुतळी, केस, पोत्याचे धागे वेचायला. मागच्या सीझनला रुईच्या एका गाठीत खर्र्याची (सुपारी-तंबाखूची) पन्नी निघाली, मिलवाल्यानं फोटोच पाठवला व्हॉट्सॲपवर. तेव्हापासून गेटच्या आत खर्रा बंद, फक्त फिटर ऐकत नाही.