फॉन वेम? जर्मन इतिहास शिकवतानाचा माझा अनुभव

‘माझे बाबा म्हणजे हिटलर आहेत.’ बी-वनच्या, म्हणजे जर्मनच्या मधल्या पातळीच्या वर्गात एक मुलगा न अडखळता जर्मनमध्ये बोलून गेला. वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. कडक शिस्तीच्या माणसाला आपल्याकडे सर्रास हिटलर म्हणतात, त्यामुळे बाकीची मुलं हसली. माझ्या मात्र पोटात गोळा आला. यातली बरीच मुलं वर्षभरात शिकायला किंवा नोकरीला जर्मनीला जाणार होती आणि या शब्दाचं तिथलं ओझं मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

म्हणून पुण्यातल्या आमच्या वर्गासाठी मी आधुनिक जर्मनीच्या इतिहासाचे बारा तास आखले. पहिले चार वाया गेले. 1871 ते 1990 अशा सनावळ्यांच्या स्लाइड्स केल्या होत्या: वायमार प्रजासत्ताक, बाऊहाऊस, बर्लिनची भिंत. मुलं भराभर लिहून घेत होती, तेही इंग्रजीत. तासभर जर्मन बोलत होते ते मी एकटीच.

पाचव्या तासाला स्लाइड्स घरी ठेवल्या आणि एका श्टोल्परश्टाईनचा मोठा फोटो नेला. ठेच लागावी असा दगड, हा त्या शब्दाचा अर्थ. गुंटर डेमनिग या कलाकाराने 1992 साली कोलोनमध्ये असा पहिला दगड बसवला. आज युरोपभर ते एक लाखाहून जास्त आहेत. नाझींनी ज्यांना घरातून नेलं, त्यांच्या घरासमोरच्या फुटपाथवर दहा सेंटिमीटरचा पितळी चौकोन. त्यावर चार-पाच तुटक ओळी: इथे राहत होती, नाव, जन्मसाल, हद्दपार, हत्या. एवढं जर्मन बी-वनच्या मुलांना सहज वाचता येतं.

या ओळींची पूर्ण वाक्यं करा, म्हटलं. मुलांनी लगेच कर्मणी प्रयोग लावला: ‘वुर्डं देपोर्टिअर्ट’, ‘वुर्डं एरमोर्डेट’; हद्दपार केली गेली, हत्या केली गेली. हा प्रयोग आम्ही ‘गाडी दुरुस्त केली जाते’ असल्या वाक्यांवर घोटला होता. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, ‘फॉन वेम?’ कोणाकडून?

दगडावर ते लिहिलेलं नसतं. मग फळ्यावर आम्हीच कर्ते लिहू लागलो. यादी करणारा कारकून. दारावर आलेला पोलीस. गाड्या सोडणारी रेल्वे. रिकाम्या घरातलं सामान लिलावात घेणारे शेजारी. एकट्या हिटलरला कर्ता करून एकही वाक्य पुरं होईना. ‘बाबा कडक आहेत’ला जर्मनमध्ये काय म्हणायचं, हे त्या मुलाने तास संपल्यावर येऊन विचारलं. ‘श्ट्रेंग’, मी सांगितलं.

सी-वनच्या, म्हणजे वरच्या पातळीच्या गटाला याच धर्तीवर 8 मे 1945, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मनी शरण गेला त्या दिवसासाठी तीन शब्द दिले: शरणागती, कोसळणं, मुक्ती. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड फॉन वाइत्सझेकर यांनी 1985 च्या भाषणात त्या दिवसाला मुक्तीचा दिवस म्हटलं. तोवर पश्चिम जर्मनीत अनेकांना तो पराभवाचाच दिवस वाटत होता. मुलं भाषणाचा उतारा घेऊन दोन तास भांडली, आणि जर्मनमध्ये भांडली.

शेवटचा तास 1989 चा. 9 ऑक्टोबरला पूर्व जर्मनीतल्या लायप्झिगमध्ये सुमारे सत्तर हजार लोक रस्त्यावर उतरले. त्यांची घोषणा होती ‘वीर झिंट दास फोल्क’, लोक म्हणजे आम्हीच. भिंत पडल्यावर ‘दास’च्या जागी ‘आईन’, म्हणजे ‘एक’, ऐकू येऊ लागलं. आधी राज्यकर्त्यांना सुनावणं होतं, आता दोन्ही जर्मनी एक करण्याची मागणी. ज्या आर्टिकलांना मुलं पहिल्या दिवसापासून वैतागतात, त्यातल्या एकाने घोषणेची दिशाच फिरवली.

मग मी दोन्ही घोषणा मराठीत करायला सांगितल्या. आपल्याकडे आर्टिकल नाही, त्यामुळे नामच बदलावं लागलं. पहिलीसाठी ‘जनता’ हा शब्द सगळ्यांना पटला. दुसरीसाठी कोणी ‘राष्ट्र’ म्हणालं, अर्ध्या वर्गाला ते मान्य नव्हतं, आणि तो वाद जिना उतरतानाही चालूच होता.