उद्यमनगरातला सप्टेंबर

उद्यमनगरातलं आमचं मंडळ लहानच. टर्नर, फिटर, पॅटर्नमेकर, मोल्डर, पॉलिटेक्निकचे निवृत्त मास्तर आणि त्यांचे जुने विद्यार्थी. सप्टेंबरात अभियंता दिनानंतरच्या एखाद्या रविवारी मेळावा असतो. विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार, दीपप्रज्वलन, अहवाल, जमाखर्च हे सगळं रीतसर होतं. मी थांबलेला असतो सरांच्या भाषणासाठी.

विषय दरवर्षी एकच, प्रा. सतीश धवन. जन्म २५ सप्टेंबर १९२०, म्हणजे मेळाव्याच्या आसपासचाच. भारताची अवकाश संस्था इस्रो, तिचे प्रमुख म्हणून धवन सगळ्यांना ठाऊक. सर सांगतात ते शिकवणारे धवन. लाहोरला गणित, इंग्रजी साहित्यात एम.ए. आणि शिवाय मेकॅनिकल इंजिनिअरिंग! इथं मागच्या रांगेतली पोरं ताठ बसतात. १९५१ साली कॅलटेकची डॉक्टरेट घेऊन ते बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आले आणि ध्वनीपेक्षा वेगवान हवेचा बोगदा, म्हणजे विमान-रॉकेटांच्या नमुन्यांवर तशी हवा सोडून चाचणी घ्यायची यंत्रणा, तिथं उभा करायला लागले.

मग तिथं हवेला तो वेग कसा येतो ते दाखवायला सर खिशातून पितळी नोझल काढतात. आमच्याच एका टर्नरनं लेथवर काढून दिलेलं. आधी निमुळतं, मधे गळा, पुढे परत रुंद. गळ्यात हवेनं ध्वनीचा वेग गाठला, की पुढं नळी रुंदावली तरी हवा मंदावत नाही, उलट आणखी पळते. नोझल रांगेतून हातोहात फिरतं, मिस्त्री लोक आतून बोट फिरवून फिनिश बघतात. पुढं नावाजलेले विमानशास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह यांच्यासारखे विद्यार्थी याच धवनांच्या हाताखाली घडले.

१९६२ ते १९८१ ते त्या संस्थेचे संचालक. १९७२ मध्ये अवकाश कार्यक्रमाची धुरा घेतानाही त्यांनी संस्था सोडली नाही, अटच घातली तशी.

शेवटचा भाग मात्र दरवर्षी माझ्या डोळ्यांत पाणी आणतो. १० ऑगस्ट १९७९ ला उपग्रह सोडणारं एसएलव्ही-३ रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळलं, तेव्हा पत्रकारांसमोर धवन स्वतः गेले. १८ जुलै १९८० ला त्याच रॉकेटच्या पुढच्या उड्डाणात रोहिणी उपग्रह कक्षेत गेला, तेव्हा त्यांनी प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलाम यांना पुढं केलं. कलामांनी हे जन्मभर सांगितलं. फौंड्रीत आयुष्य गेलेल्या माणसाला ते फार लागतं. कास्टिंग रिजेक्ट झालं की साहेबाचं बोट पहिलं साचा करणाऱ्या मोल्डरकडे वळायचं, आणि माल पास झाला की कौतुक केबिनमध्ये व्हायचं. धवनांसारखा एक साहेब आम्हाला मिळायला हवा होता.

म्हणूनच रिकाम्या खुर्च्या मला खुपतात. पहिली रांग कारखानदारांसाठी राखतो, दोघं-तिघं येतात आणि चहा घेऊन भाषणाआधी उठतात. पुण्याला गेलेली पोरं फोनवर "काका, येतो" म्हणतात आणि येत नाहीत. हे भाषण त्यांनीच ऐकायला पाहिजे.

राबणारे मात्र दरवर्षी तेच. माईक लावणारे वायरमन, सतरंज्या टाकणारी आयटीआयची पोरं, भडंगाला फोडणी देणाऱ्या वहिनी आणि त्यांच्या जाऊबाई, फुकट चहा पाजणारे कोपऱ्यावरचे मामा, पत्रिका छापणारे, फलक रंगवणारे, खुर्च्या टेम्पोतून आणणारे आणि रात्री परत पोचवणारे, पावसात ताडपत्री धरून उभे राहिलेले दोघे भाऊ. नोझल काढणारे टर्नर आता थकलेत, तरी गेल्या वर्षी मुलाच्या गाडीवर बसून आले. कुणी राहिलं असेल तर मला लगेच फोन करा. या वर्षी सगळ्यांची नावं अहवालात यायला हवीत, आणि सरांचं भाषणही पुरतं रेकॉर्ड करायचंय.