तुम्ही विचारलंत म्हणून : कॉन्स्टंटाइन की कॉन्स्टंटियस?

चौथ्या शतकातला रोम वाचायला घेतला की हा प्रश्न येतोच. कॉन्स्टंटाइन, कॉन्स्टंटियस आणि कॉन्स्टन्स ही एकाच माणसाची नावं आहेत का? नसतील तर ओळखायची कशी, आणि मराठीत लिहायची कशी?

माणसं वेगळी, घर एक. बाप कॉन्स्टंटियस. त्याचा मुलगा कॉन्स्टंटाइन, ज्याला ३०६ साली यॉर्कमध्ये सैन्याने सम्राट केलं. ३३७मध्ये तो वारल्यावर गादीवर आलेले त्याचे तीन मुलगे म्हणजे दुसरा कॉन्स्टंटाइन, दुसरा कॉन्स्टंटियस आणि कॉन्स्टन्स. पहिल्या कॉन्स्टंटाइनची बहीण कॉन्स्टंटिया, मुलगी कॉन्स्टंटिना. मुळात 'कॉन्स्टन्स' या लॅटिन शब्दाचा अर्थ अढळ, ठाम. त्यालाच प्रत्यय लागत लागत पुढची नावं झाली.

आपला पहिला गोंधळ नावाच्या क्रमात होतो. पहिल्या कॉन्स्टंटाइनचं नाव फ्लेवियस व्हॅलेरियस कॉन्स्टंटिनस. मराठी डोळा ते 'स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव' असं वाचतो आणि माणूस 'फ्लेवियस' ठरवून मोकळा होतो. इथे नेमकं उलट आहे. माणूस ओळखायचा तो शेवटच्या नावाने. 'व्हॅलेरियस' हे आधीचा सम्राट डायोक्लेशियन याच्याकडून आलेलं. त्याने राज्य चौघांत वाटलं तेव्हा चौघांच्याही नावात ते होतं. म्हणजे ते रक्ताचं नातं सांगत नाही, सत्तेतली भागीदारी सांगतं. 'फ्लेवियस' तर ३२४नंतर जवळजवळ हुद्द्यासारखं झालं. इजिप्तमधल्या पपायरसांवर, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या लेखांत, सैनिक आणि सरकारी अधिकारी स्वतःला फ्लेवियस लिहितात, साधी माणसं ऑरेलियस. तेव्हा सूची करताना 'फ'खाली नोंद करू नका. ती 'क'खालीच हवी.

नाण्यावर ओळखण्याचं काम जास्त कसाचं आहे. तमिळनाडूत आणि श्रीलंकेत या काळातली तांब्याची लहान नाणी पुष्कळ सापडली आहेत आणि त्यांतली बरीच झिजलेली असतात. नाणं घासू नका, त्यावर उजेड बाजूने तिरका पाडा. मजकूर बहुधा चेहऱ्याच्या डाव्या खांद्याखालून, घड्याळातल्या सात-आठच्या जागेपासून सुरू होतो आणि काट्यांच्या दिशेने फिरतो. लॅटिनमध्ये तिथे 'यू' नसतो, त्याच्या जागी 'व्ही' कोरतात. मध्ये डोकं आल्यामुळे नाव तुटतं. ती फट म्हणजे शब्दाचा शेवट नव्हे.

आता नाण्यावरची लॅटिन अक्षरं मोजा. पहिली सात तिघांचीही सारखीच, 'कॉन्स्टन'पर्यंतची. फरक सगळा शेपटात. कॉन्स्टंटिनस बारा अक्षरांचा, कॉन्स्टंटियस अकरा, कॉन्स्टन्स आठ. पहिल्या दोघांत फक्त एका 'एन'चा फरक, आणि तो नेमका नाण्याच्या झिजणाऱ्या कडेला येतो. शेपूट गेलंच असेल तर पुढच्या पदवीकडे वळा. 'मॅक्स ऑग' म्हणजे मॅक्सिमस ऑगस्टस, महान सम्राट, अर्थात बहुधा पहिला कॉन्स्टंटाइन. 'युन नॉब सी' (कोरलेलं 'आयव्हीएन नॉब सी') म्हणजे धाकटा, परममान्य सीझर, अर्थात बहुधा युवराज असलेला दुसरा कॉन्स्टंटाइन. बुरखा घेतलेलं डोकं आणि सुरुवातीला 'डीव्ही' असेल तर ते पहिल्या कॉन्स्टंटाइनच्या मृत्यूनंतर पाडलेलं नाणं; 'डीव्ही' म्हणजे डिव्हुस, देवपदाला गेलेला.

सगळ्यात फसवं नाणं गॅलसचं. ३५१मध्ये दुसऱ्या कॉन्स्टंटियसने या चुलतभावाला सीझर केलं तेव्हा त्याला आपलंच नाव दिलं. त्यामुळे नाण्यावर 'गॅलस' हा शब्द शोधून मिळत नाही, तिथेही कॉन्स्टंटियसच असतं. खुणा दोन : डोकं उघडं, हार नाही की मुकुट नाही, आणि नाव पूर्ण असेल तर आधी 'एफएल सीएल' म्हणजे फ्लेवियस क्लॉडियस. दुसरा कॉन्स्टंटियस स्वतः सीझर होता तेव्हाच्या नाण्यांवर 'एफएल आयव्हीएल', म्हणजे फ्लेवियस ज्युलियस, असतं. मागच्या बाजूला तळाशी 'कॉन्स' दिसलं तर तेही सम्राटाचं नाव समजू नका. ते टांकसाळीचं, म्हणजे कॉन्स्टॅन्टिनोपल शहराचं नाव आहे.

शिलालेखात आणखी एक खोडा. रोममधल्या कॉन्स्टंटाइनच्या कमानीवर, जी ३१५ची आहे, नाव 'कॉन्स्टंटिनो' असं कोरलंय. हे वेगळं नाव नाही, चतुर्थी आहे : 'कॉन्स्टंटाइनला'. शेवटी 'नी' असेल तर षष्ठी, 'कॉन्स्टंटाइनचा'. लेखातली विभक्ती उचलून तिलाच नाव करू नका.

मराठी लिखाणात 'कॉन्स्टंटाइन' हे इंग्रजीतून आलेलं रूप ठेवावं असं माझं ठाम मत आहे. 'कॉन्स्टंटिनस' मूळच्या जवळचं खरं, पण ते कॉन्स्टंटियसच्या इतकं शेजारी बसतं की छपाईतली एक चूक बापाचा मुलगा करून टाकते. सामान्यरूप करू नका. 'कॉन्स्टंटाइनाने' नको, 'कॉन्स्टंटाइनने' पुरे. पहिला-दुसरा हे क्रमांक त्या माणसांनी स्वतःला लावलेले नाहीत, ते इतिहासकारांच्या सोयीचे आहेत. तरी दरवेळी लिहा : 'दुसऱ्या कॉन्स्टंटियसने'. आपल्याकडे साताऱ्याचे शाहू आणि कोल्हापूरचे शाहू असं सांगावं लागतं, तसंच.

'द ग्रेट'साठी 'थोरला' लिहिण्याचा मोह होतो. पण मराठीत थोरले बाजीराव म्हटलं की त्याच नावाच्या दोघांतले आधीचे असाही अर्थ लागतो. इथे आधीच एका नावाचे दोन आहेत, आणि मॅक्सिमस ही पदवी वयाची नाही, मोठेपणाची आहे. म्हणून 'महान कॉन्स्टंटाइन' लिहा, किंवा नुसतं 'पहिला'.