इमारतीआधी चौक मोजावेत

हिंजवडीच्या शिवाजी चौकात संध्याकाळी अडकून पडल्यावर मला दर वेळी वाटते की, नव्या कार्यालयीन इमारतीला परवानगी देण्यापूर्वी तिच्या वाहनतळापेक्षा आसपासचे चौक अधिक बारकाईने तपासले जावेत. गर्दीच्या तासात प्रत्येक वळणावरची वाहने मोजायची, दुचाकी, रिक्षा, बस यांचे ‘प्रवासी कार एकक’ या समान मापात रूपांतर करायचे आणि इमारतीमुळे वाढणाऱ्या फेऱ्या त्यांत मिळवून ती बेरीज चौकाच्या क्षमतेशी ताडून पाहायची, अशी ही पद्धत आहे. खरी मेख या शेवटच्या पायरीत आहे. रांगेच्या सर्वांत साध्या गणितानुसार क्षमतेचा वापर ९० टक्के असताना सरासरी ९ वाहने खोळंबलेली असतात, तर तो ९५ टक्के होताच १९. म्हणूनच वाहतुकीत जेमतेम पाच टक्क्यांची भर पडेल, असे आश्वासन मला मुळीच दिलासा देत नाही. शेजारी मंजूर झालेल्या, पण अजून न बांधलेल्या इमारतींच्या फेऱ्याही त्याच हिशेबात धरल्या पाहिजेत, आणि मोजणी शाळांच्या सुट्टीत तर करूच नये. पादचाऱ्यांना सिग्नलवर मिळणारा वेळही नोंदवला जावा, कारण बसने येणाऱ्या कर्मचाऱ्यांना तोच चौक रोज पायी ओलांडावा लागतो.